मागं सरस लावू नका

“आधी हात धुता का जरा?” शालन म्हणाली.

मी नुकतीच एका लग्नाच्या फोटोला काच बसवली होती. बोटांना थोडं पॉलिश लागलेलं असेल. फ्रेमवाल्याच्या बोटांना अत्तर कुठून लागणार? बाकावर पोस्टातले डुबल चहा पीत बसले होते. ते फिसकन हसले आणि म्हणाले, “वेल्हाळ, आज बऱ्या भेटल्या तुम्हाला.”

मी मागच्या नळावर गेलो, साबण लावून हात धुतले, पुसले आणि शाळेतल्या पोरासारखे दोन्ही बाजूंनी तिच्यापुढे धरले. “चालतील?”

“चालतील,” ती म्हणाली. चेष्टा तिला कळली नाही, किंवा कळूनही तिला तिचं काही वाटलं नाही. तिने पिशवीतून जुन्या लुगड्याची गुंडाळी काढली, त्यातून मॅटीचं कापड काढलं आणि माझ्या टेबलावर उलगडलं.

ही त्र्याऐंशी सालची, कऱ्हाडातली गोष्ट. तेव्हा माझं दुकान चावडी चौकाजवळ होतं आणि गावातली निम्मी लग्नं, सगळे देव आणि बहुतेक मेलेली माणसं माझ्या हाताखालून भिंतीवर गेलेली होती. भरतकामं तर शेकड्याने येत. फुलांची परडी, हंसाची जोडी, “सुस्वागतम्”. पण शालनने जे आणलं होतं ते मी आधी पाहिलं नव्हतं. तिने आमचा संगम भरला होता. इकडून कृष्णा, तिकडून कोयना, समोरासमोर येऊन मिळालेल्या. घाटाच्या पायऱ्या, एक कलंडलेली होडी, धुणं आपटणारी बाई. सगळं बारीक क्रॉस टाक्यात. दोन नद्यांच्या पाण्याचे रंग वेगळे होते आणि मिळाल्यावर तिसराच रंग झाला होता.

“नमुना कुठून मिळाला?” डुबलांनी उठून विचारलं.

“मीच काढला. आलेखाच्या कागदावर,” ती म्हणाली. “आठ महिने लागले.”

मी कापड उलटं केलं. आम्ही फ्रेमवाले आधी मागची बाजू बघतो, कारण गाठी असल्या तर त्या काचेखाली फुगून दिसतात. तिच्या कामाला मागे एकही गाठ नव्हती. एका रंगाचा दोरा दुसऱ्यावरून उडी मारून गेलेला नव्हता. सगळे टाके उभे, एका ओळीत. मला क्षणभर वाटलं, मी चुकून पुढचीच बाजू बघतोय.

“मागं सरस लावू नका,” ती म्हणाली. “पुठ्ठ्यावर ताणून दोऱ्यानं शिवा. निमकरबाई फ्रेम उघडून उलटी बाजू बघणार आहेत.”

“माहितीये मला.”

“एक इंचाला दोन टाके घ्या. कडेचं कापड कापू नका, आत दुमडा. आणि सरस नको. थेंबसुद्धा नको.”

“बाई, अठरा वर्षं हेच करतोय मी.”

“करत असाल. तरी सांगितलेलं बरं.”

डुबलांनी पुन्हा फिसकन केलं.

शालन थोरवडे ही माझ्या बायकोची, कुंदाची, भरतकामाच्या वर्गातली मैत्रीण. नवऱ्याने तिला दीड वर्षात माहेरी पाठवलं ते पाठवलंच. सात वर्षं ती ओगलेवाडीला भावाकडे राहत होती. गावातल्या मुलींच्या शाळेत भरतकाम शिकवायला आणि वसतिगृहावर लक्ष ठेवायला एक बाई हवी होती. तिघींना बोलावणं आलं होतं. शालन, उंब्रजच्या कुणी पाटसकरबाई आणि तिसरी माझी कुंदा. प्रत्येकीने स्वतः केलेलं एक काम फ्रेम करून आणायचं होतं. परीक्षा घ्यायला साताऱ्याहून निमकरबाई येणार होत्या. त्यांना आता नीट दिसत नव्हतं, म्हणून त्या उलट्या बाजूवरून बोटं फिरवून मार्क देत, असा त्यांचा लौकिक होता.

“नोकरी लागली तर खोली देतात म्हणे,” मी पट्टीचे नमुने तिच्यापुढे ठेवत म्हणालो.

“हो. खोलीसाठीच चाललंय सगळं,” ती म्हणाली. “आतून कडी लावता येईल अशी.”

“का, भावाकडे कड्या नाहीत?”

“मी स्वयंपाकघरात निजते. तिथं दारच नाही.”

तिने पातळ काळी पट्टी निवडली, माझे हात पुन्हा एकदा बघितले आणि ती गेली.

कुंदाचं काम मी शुक्रवारीच ताणून शिवलं. परडीतली फुलं होती. बाजेला सुंभ ताणावं तसा पाठीमागून दोरा उभा-आडवा ओढायचा, कापड पुढून ढोलासारखं ताठ झालं पाहिजे. दोन तास लागतात. शिवताना मी तिच्या गाठी मोजत नव्हतो, पण त्या बोटांना लागत होत्या. कुंदाचं काम वाईट नव्हतं. चारचौघींसारखं होतं.

शनिवारी जेवताना तिने विचारलं, “अहो, शालनचं आलं ना दुकानात? मागून कसंय?”

“बरं आहे.”

“बरं? वर्गात आम्ही तिचं उलटं धरून बघायचो. पुढचं कुठलं नि मागचं कुठलं तेच कळायचं नाही.”

“मग तू कशाला जातेस परीक्षेला? घरी बस.”

“जाऊन तर बघते. तिला लागली तर मला वाईट नाही वाटायचं. तिला खोली हवीय हो. आपल्याला काय, दोन खोल्या आहेत आणि माणसं दोन.”

हा उदारपणा मला सोसला नाही. पक्की नोकरी, महिन्याच्या महिन्याला पगार, आणि आमच्या घराण्यात पहिली मास्तरीण. मी आतल्या आत सगळं मांडून ठेवलं होतं आणि ही भात कालवत ते दुसरीला देऊन मोकळी झाली. मी ताटावरून उठलो आणि दुकानात आलो.

शालनचं कापड पुठ्ठ्यावर बेतून मी शिवायला घेतलं. खरंच घेतलं. वरची बाजू पूर्ण झाली होती, अगदी तिने सांगितले तसे इंचाला दोन टाके. तेवढ्यात समोरून डुबल सायकलवरून गेले आणि ओरडले, “काय वेल्हाळ, हात धुतले का?”

समोरचा पानवाला हसला. त्याच्याकडे पान खाणारे दोघे हसले. म्हणजे पोस्टात सांगून झालं होतं, पानाच्या गादीवर सांगून झालं होतं. मी शिवायच्या राहिलेल्या तीन बाजूंकडे बघितलं. मग कात्री घेतली, घातलेले टाके कापले, ओढून काढले आणि सरसाचं भांडं स्टोव्हवर ठेवलं.

मी रागाच्या भरात केलं असं म्हणायला मला आवडलं असतं. पण सरस वितळायला पाऊण तास लागतो. मी पाऊण तास तिथे बसून होतो, मधे एका माणसाला आरशाचा भाव सांगितला. सरस पातळ झाल्यावर ब्रशने पुठ्ठाभर जाड लावला, संगम त्यावर पालथा नाही, सुलटा ठेवला आणि मधून कडांकडे तळहाताने दाबत गेलो. हात तेव्हा अगदी स्वच्छ होते. वर काच ठेवून वजनं ठेवली. संध्याकाळपर्यंत ते असं बसलं की पुढून बघणाऱ्याला काही कळू नये. मग फ्रेममध्ये घालून मागून खाकी कागद लावून टाकला.

रविवारी दुपारी शालन न्यायला आली. फ्रेम उजेडात धरून तिने बराच वेळ बघितलं.

“किती सरळ बसलंय,” ती म्हणाली. “पाणीसुद्धा हललेलं नाही. शिवूनच बसवलंत ना?”

“तुम्ही सांगितलं तसंच.”

तिने पिशवीतून पुरचुंडी काढून टेबलावर ठेवली. शेंगदाण्याच्या वड्या होत्या. “परवा हाताचं बोलले त्याचा राग धरू नका, भाऊ. मागं एकाला काम दिलं होतं, त्यानं तेलकट बोटं लावून ठेवली. तेव्हापासून सगळ्यांनाच सांगते. तुमचं काम बघून वाटलं, उगीच बोलले.”

परीक्षा सोमवारी अकराला होती. रविवारची दुपार, हातात वीस तास. पुठ्ठा भिजवला असता, वाफ दिली असती, तर निदान थोडं वाचलं असतं. मी वडी तोंडात टाकली आणि म्हणालो, “चालायचंच.”

शाळेने फ्रेमा उघडायला आणि पुन्हा बंद करायला मलाच बोलावलं होतं. मुख्याध्यापिका ढवळेबाई म्हणाल्या होत्या, “तुमची मंडळी उमेदवार आहे हे माहीत आहे मला. पण तुम्हाला खिळे काढायचेत, मार्क द्यायचे नाहीत.” तर सोमवारी मी पक्कड आणि पातळ सुरी घेऊन चित्रकलेच्या वर्गात हजर.

निमकरबाई बारक्या, पांढऱ्याशुभ्र केसांच्या. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि डोळे मिटले. पहिली पाटसकरबाईंची फ्रेम. मी मागचा दोरा कापून कापड पुठ्ठ्यावरून सोडवलं आणि उलटं त्यांच्यापुढे ठेवलं. बाईंची बोटं भराभर फिरली. “गाठीवर गाठ. मुलींना हेच शिकवणार का?” पाटसकरबाई खाली बघू लागल्या. मग कुंदाची. बोटं जरा हळू झाली. “बरं आहे. लाल रंग तीन ठिकाणी उडी मारून नेलाय. पण स्वच्छ आहे.” कुंदा खूश झाली, मला दिसलं.

मग मी शालनची फ्रेम उघडली. ती टेबलाच्या अगदी जवळ येऊन उभी राहिली होती. मी कागद फाडला, खिळे काढले, पुठ्ठा उचलून बाईंच्या पुढ्यात पालथा ठेवला. त्यांची बोटं टाके शोधत पुठ्ठ्यावर फिरत राहिली.

“कापड कुठाय?”

“पुठ्ठ्याला चिकटलंय,” मी म्हणालो.

“चिकटवलंय?” बाईंनी डोळे उघडले. “मुली, पत्रात स्पष्ट लिहिलं होतं, उलटी बाजू बघणार म्हणून.”

“नाही बाई, मी सांगितलं होतं,” शालन म्हणाली. “मी यांना तीनदा सांगितलं होतं. सरस लावू नका म्हणून. भाऊ, सांगा ना.”

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. ढवळेबाईंनी विचारलं, “काय वेल्हाळ?”

“चिकटवा असं त्याच म्हणाल्या,” मी म्हणालो. “सुरकुती राहता कामा नये म्हणाल्या.”

“पण तुमच्या बायकोचं तर शिवलेलं आहे,” निमकरबाई म्हणाल्या. दिसत नव्हतं तरी म्हातारी पक्की होती.

“ज्याने जसं सांगितलं तसं.”

शालनने माझ्याकडे बघितलं नाही.  तिने पुठ्ठा ओढून घेतला, कोपऱ्यात नख घातलं आणि कापड सोलायला लागली. “थांबा बाई,” ती म्हणत होती, “एक मिनिट थांबा, निघतंय. बघा तुम्ही.” कापडाबरोबर पुठ्ठ्याचे पापुद्रे निघत होते. घाटाच्या पायऱ्या आल्या त्या मागून तपकिरी लगदा घेऊनच. तिने जोर केला, तशी मॅटी फाटली आणि होडी अर्धी पुठ्ठ्यावर राहिली. मग ती उरलेली होडी नखाने खरवडू लागली. दोऱ्याचे तुकडे तिच्या पदरावर पडत होते.

“अहो, पुरे करा,” पाटसकरबाई म्हणाल्या.

“निघतंय,” शालन म्हणाली. “इथं बघा, इथं निघालं.”

एका कोपऱ्यात माझा ब्रश नीट पोचला नव्हता. तिथे दोन इंचांचा तुकडा कोरडा सुटला. तिने तो निमकरबाईंच्या बोटांखाली धरला. बाईंनी डोळे मिटून तो चाचपला. पुन्हा चाचपला. 

“इथे छान आहे,” त्या म्हणाल्या. “पण दोन इंचांवर मी मार्क कसे देऊ?”

मी पाटसकरबाईंची आणि कुंदाची फ्रेम कच्चे टाके घालून पुन्हा बंद करून दिली. शालनची बंद करण्यासारखी राहिली नव्हती. जाताना तिने ते सगळं, पुठ्ठ्यासकट, पुन्हा त्या जुन्या लुगड्यात गुंडाळलं. बाराच्या सुमारास ढवळेबाईंनी कुंदाला आत बोलावून सांगितलं की एक तारखेपासून या.

 मंगळवारी सकाळी चहा पुढ्यात ठेवून कुंदा म्हणाली, “शालनने खरंच सांगितलं होतं, चिकटवा म्हणून?”

“त्या डुबलाने गावभर माझी…”

“मी काय विचारलं?”

“नाही,” मी म्हणालो. “नव्हतं सांगितलं.”

मला वाटलं ती भांडेल, आदळआपट करेल. तिने वहीचा कागद फाडला आणि चार ओळी लिहिल्या. घरच्या अडचणीमुळे रुजू होऊ शकत नाही, असं काहीतरी. घडी करून माझ्यापुढे ठेवली.

“हे तुम्ही स्वतः नेऊन द्या. आणि ढवळेबाईंना खरं काय ते सांगा.”

“तूच सांग की.”

“काल वर्गातच सांगायला हवं होतं मी. जीभ रेटली नाही, नवरा म्हणून. आता तुम्ही सांगा. नाहीतर मला तुमच्या तोंडाकडे बघता यायचं नाही.”

“दुकान बसेल माझं.”

“चार दिवस लोक बोलतील आणि गप्प बसतील. तिची खोली मात्र जाईल.”

बुधवारी सकाळी मी गेलो. वाटेत मी सांगायचं ते पाठ करत होतो, हे देवाशप्पथ खरं आहे. ढवळेबाईंनी पत्र वाचलं, पुन्हा वाचलं आणि बाजूला ठेवलं.

“एका परीने बरंच झालं,” त्या म्हणाल्या. “निमकरबाई जाताना मला म्हणाल्या, त्या दोन इंचांसारखा हात तीस वर्षांत लागला नाही बोटांना. मी काल रात्रभर तोच विचार करत होते. चिकटवण्याचं मला काही नाही हो. अडचण दुसरीच आहे. ती बाई सगळ्यांदेखत खोटं बोलली आणि ते तुमच्यावर ढकललं. पन्नास मुलींवर अशी बाई कशी नेमू?”

मी घसा साफ केला.

“म्हणून तुम्हालाच विचारते,” त्या म्हणाल्या. “तुमच्याकडून काही घोटाळा झाला असेल, ऐकण्यात, कामाच्या घाईत, तर तेवढं सांगा. माणूस आहे, चुकतो. मी कुणाला काही बोलणार नाही. विषय इथेच मिटवते आणि आजच्या आज तिला बोलावून घेते. चूक झाली का तुमची?”

याहून सोपं कुणी करून दिलं असतं? मुद्दाम केलं असं म्हणायचं नव्हतं. ‘डुबल’ हा शब्द काढायचा नव्हता. नुसतं ‘हो, चूक झाली’ एवढं म्हणायचं होतं. पलीकडे लेखनिक टंकयंत्र थांबवून माझ्याकडे बघत होता. त्याच्या मागच्या भिंतीवर चार फ्रेमा होत्या, चारही माझ्या.

“माझ्या कामात चूक होत नाही, बाई,” मी म्हणालो. “त्याच म्हणाल्या, चिकटवा.”

“नक्की?”

“नक्की.”

ढवळेबाईंनी उसासा टाकला, यादी पुढे ओढली आणि एका नावावर रेघ मारली. मग लेखनिकाला म्हणाल्या, “उंब्रजच्या पाटसकरबाईंना पत्र घाला.” पाटसकरबाई पुढे एकोणीस वर्षं त्या खोलीत राहिल्या. त्यांनी शिकवलेल्या मुलींची कामं माझ्याकडेच यायची, गाठीवर गाठ.

घरी आलो तर कुंदा उंबऱ्यातच उभी होती.

“सांगितलंत?”

“सांगितलं.”

“काय म्हणाल्या?”

“माणूस आहे, चुकतो, म्हणाल्या. आजच बोलावून घेणार आहेत तिला.”

कुंदाने पदराने डोळे पुसले. दोन दिवसांत पहिल्यांदा तिने माझ्याकडे सरळ बघितलं, आणि मला सांगायला लाज वाटते, पण मला तेव्हा बरं वाटलं. ती आत गेली. रवा भाजल्याचा वास आला. शिरा करून तिने मला वाटीत वाढला आणि उरलेला डब्यात भरायला घेतला.

“हे कुणाला?”

“शालनला. शाळेचं बोलावणं जाईल तेव्हा जाईल, मी आधी सांगून येते. कपडे बांधायला लागू दे तिला. त्या भावजयीचं तोंड बघायचंय मला.”

मी शिरा खाल्ला. वाटी पुसून खाल्ली. मग डबा हातात घेऊन तिच्याबरोबर एसटी स्टँडवर गेलो. ओगलेवाडीची बस लागलेलीच होती. ती चढली, खिडकीशी बसली, डबा मांडीवर घेतला आणि वाकून म्हणाली, “तुम्हीही चला ना. तुमच्या तोंडून कळलं तर तिला जास्त बरं वाटेल.”

“दुकान उघडायचंय,” मी म्हणालो, आणि बस सुटली.